पुराला पुरावा

आश्विन शुद्ध तृतीया, गुरुवार. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन, वारा नाही. वाघी नदी पात्रात परतून निमूट वाहत होती, आणि बोरवंड गावाच्या हातात सूर्यास्तापर्यंतचाच वेळ उरला होता.

श्रावण वद्य अष्टमीच्या पुरानं गावातली छत्तीसच्या छत्तीस घरं नेली होती. कुंभेरीच्या धैर्यशील महाराजांनी त्याच वर्षी आपत्तीचा नवा कायदा केला होता. त्यात मदत भरपूर होती. घरासाठी बांबू, वर्षाचं धान्य, पेरणीला बी. पण पूर्वी कुणीतरी गळक्या झोपडीचा वाडा सांगून मदत उकळली होती. तेव्हापासून महाराज हट्टाला पेटलेले. म्हणून सातवं कलम असं होतं : 'जी वस्तू वाहून गेली म्हणता, ती चाळीस दिवसांत दरबारात हजर करावी. न केल्यास पूर आलाच नाही असं समजावं, आणि रिकामी जमीन सरकारी घोड्यांच्या कुरणाला जोडावी.'

आज चाळिसावा दिवस होता.

सकाळी बोरवंडचे पाटील दरबारात रिकाम्या हातांनी उभे राहिले.

"वस्तू कुठं आहे?" दिवाण नरहरपंतांनी विचारलं.

"वाहून गेली, पंत!"

"मग हजर करा."

"वाहून गेलेली कशी हजर करू?"

"हजर करता येत नाही म्हणजे पुरावा नाही. पुराला पुरावा हवा! पुढचा!"

पुढचा होता कोंडाजी. त्यानं वासरू आणलं होतं. पुरात गेलेलं, दोन कोसांवर झुडपात अडकलेलं सापडलेलं.

"हे तर धडधाकट आहे!" पंत म्हणाले. "याला पाय आहेत. चालत गेलं, चालत आलं. याला कोण म्हणेल वाहून गेलं? पुढचा!"

पुढचा कुणी नव्हता. पाटलांनी खाली मान घातली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी आहे की!"

ती ठकू बुरुडीण होती. टोपल्या विणून बोटांना घट्टे पडलेली, जिभेला मात्र एकही नाही. ती थेट आसनापर्यंत गेली, मुजऱ्यासाठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिची नजर महाराजांच्या पायांशी, गालिच्याच्या कडेखाली खिळली होती.

"ऊठ आता," महाराज म्हणाले.

"महाराज, तुम्ही उठा!"

भालदाराचा दंड हातातून सटकता सटकता राहिला.

"काय म्हणालीस?"

"उंबऱ्यावर बसू नये, महाराज! तुमच्या आईसाहेबांनी लहानपणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," महाराज गोंधळून म्हणाले. "पण इथं उंबरा कुठला?"

पंत पुढे धावले. "काहीतरीच बोलतेस! हे महाराजांचं नवं आसन आहे. शिवणीचं अखंड लाकूड! श्रावणात नदीनं स्वतः घाटावर आणून लावलं. नदीचा नजराणा आहे हा!"

"श्रावणात? कोणत्या दिवशी, पंत?"

"वद्य नवमीला. पहाटे. मी स्वतः नोंद केली आहे!"

"एवढं जड लाकूड नदीनं आणलं? आपल्या रोजच्या पाण्यात?"

"रोजच्या पाण्यात कसं येईल? चांगला दुथडी भरून पूर..." पंत बोलता बोलता थांबले.

"लिहून घ्या हो कारकूनदादा," ठकू म्हणाली. "पूर आला होता. दिवाण सांगतायत!"

महाराजांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते हट्टी होते. "पूर आला असेल. हा तुझाच उंबरा कशावरून?"

"गालिचा सारा. कडेला तीन खाचा आहेत. टोपलीची, सुपाची, कणगीची. बांबूची कांब कापताना आम्ही उंबऱ्यावर माप धरतो. माझ्या आजेसासूनं पाडल्यात त्या. आता मुदपाकखान्यातलं सूप मागवा. गेल्या दिवाळीला मीच विकलंय."

सूप आलं. गालिचा सारला गेला. कारकुनानं सुपाची कड लाकडाला लावली. एक टोक कडेला, दुसरं टोक बरोबर मधल्या खाचेत!

"पण हा तर इथं आहे!" पंत शेवटचा जोर लावून म्हणाले. "म्हणजे वाहून गेला नाही!"

"मग चालत आला का? पाय दाखवा त्याचे!"

कोंडाजीच्या वासरानंही नेमकं तेव्हाच हंबरून घेतलं.

महाराजांनी हात वर केला. "ठीक. तुझा उंबरा सिद्ध झाला. मदत एका घराला. उरलेल्या पस्तीस घरांच्या वस्तू कुठं आहेत?"

पाटलांचा चेहरा पुन्हा पडला. ठकूनं पदर खोचला.

"पंत, गावाचा नकाशा आहे ना तुमच्याकडे? बुरुडाचं घर कुठं दाखवलंय?"

पंतांनी गुंडाळी उलगडली. बोट नदीवरून वर सरकत गेलं. "टेकाडावर. सगळ्यात वर."

"गावानं आम्हांला ती जागा दिली, कारण पाण्याचे हंडे घेऊन तिथं चढायला कुणीच तयार नव्हतं. महाराज, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं, तेव्हा खालच्या पस्तीस घरांची आढी बुडाली होती. माझा एक उंबरा गेला, हे मान्य केलंत ना? मग आता मला सांगा, त्याच्या खालचं घर कोरडं कसं राहिलं?"

महाराजांनी नकाशा पाहिला. आसनाकडे पाहिलं. मग पंतांकडे पाहिलं. आणि त्यांना गडगडाटी हसू फुटलं! हसता हसता ते उठून उभे राहिले.

"चाळीस दिवस पुरावा मागतोय आणि चाळीस दिवस त्याच्यावरच बसलोय! पंत, खोडा ते कलम! ठकू, तुला काय हवं?"

"उंबरा."

"तो तुझाच आहे. बक्षीस माग!"

"मग पुढचा कायदा लिहाल तेव्हा आमच्यातल्या कुणाला तरी आधी वाचून दाखवा."

"तूच ये! पण मी आता बसू कुठं?"

"वेताचं आसन विणून देते, महाराज. पूर आलाच तर तरंगेल!"

सूर्यास्ताला दोन घटका असताना हुकमावर मुद्रा उमटली. सातवं कलम रद्द झालं. छत्तीस घरांना बांबू, धान्य आणि बी मिळालं. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चौतीस घरं उभी राहिली, उरलेली दोन मार्गशीर्षात. उंबरा सरकारी बैलगाडीतून टेकाडावर पोचवण्यात आला. गाडीबरोबर नरहरपंत चालत गेले.