सगुणाआत्याचे भोपळे

फार वर्षांपूर्वी, आपल्या गावांना वेशी नव्हत्या आणि म्हाताऱ्यांनासुद्धा सगळे दात होते तेव्हा, नदीकाठच्या उंबरडोह गावात सगुणा नावाची बाई राहायची. लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे. आत्या पोरांना पोहायला शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेलं पोर पाण्यात उतरलं की मासे आपणहून वाट सोडत, असं म्हणतात.

उंबरडोहात पोहणं ही काही हौस नव्हती बरं का! शेतं नदीपल्याड, बाजार पल्याड आणि निम्म्या गावाचं आजोळही पल्याड. पोहता येईना त्यानं घरी बसावं. आत्याच्या आधीपासून हे काम दगडू पहिलवान करायचा. त्याची पद्धत सोपी होती. पोर उचलायचं आणि विहिरीत फेकायचं. बहुतेक पोरं हातपाय मारून शिकायची, पण पाण्याची आणि पहिलवानाची, दोघांची धास्ती जन्मभर बाळगायची.

आत्याची तऱ्हा वेगळी. तिच्याकडे आलेल्या पोराला ती आधी अंगणात कडू भोपळ्याचं बी लावायला सांगायची. हा भोपळा खायच्या कामाचा नाही, पण वाळला की हलका होतो आणि पाठीला बांधला की माणूस बुडत नाही. पोरानं रोज यायचं, आपल्या वेलाला पाणी घालायचं आणि आत्याशी गप्पा मारायच्या. भोपळा पिकून वाळेपर्यंत कोण कशाला भितं, कुणाला घरी मार बसतो, कोण उपाशी आलंय, सगळं आत्याला ठाऊक झालेलं असायचं. लोक म्हणायचे, "ही पोहायला शिकवती का भाजी पिकवती?" आत्या हसून सोडून द्यायची.

मग पोर पाण्यात. पाठीला त्याचा भोपळा आणि पोटाखाली आत्याचा हात. आता सगळेच शिकवणारे काय करतात? पोराला बोलण्यात गुंतवतात आणि हळूच हात काढून घेतात. आत्यानं तसं कधीच केलं नाही. ती विचारायची, "सोडू का?" पोर "सोड" म्हणालं तरच हात सुटायचा. महिना लागला तर लागला!

एका साली तिच्याकडे हौशी आली. हिला पहिलवानानं विहिरीत टाकलं होतं आणि ती दगडासारखी तळाला गेली होती. बाहेर काढली तेव्हापासून ती तोंड धुवायलाही रडायची. आत्यानं तिला काही विचारलं नाही. बी दिलं. वेल मांडवावर चढला, भोपळे धरले, तेव्हा कुठे पोरगी बोलली.

"आत्या, हिरीत माजा हात कुनीच धरला न्हवता."

आत्याचे डोळे भरून आले. "मी धरीन. आन् तू सांगितल्याबिगर सोडणार न्हाई."

उन्हाळ्यात हौशी पाण्यात उतरली. रोज आत्या विचारायची, "सोडू का?" रोज हौशी म्हणायची, "नको." पोरगी सुरेख पोहायची, पण आत्याचा हात होता तोवरच.

आणि ऐका, वैशाखात काय झालं! पल्याडच्या जत्रेहून पोरं नावेनं परतत होती, जत्रेपुरती तेवढी नाव लागायची; त्यांत हौशीही होती. तेवढ्यात वर डोंगरात वळीव कोसळला आणि नदीला लोंढा आला, तांबडा, झाडं उपटून आणणारा! नावाड्याचं वल्हं मोडलं. त्यानं काठावर दोर फेकला आणि तो झेलला आत्यानं. उंबराच्या खोडाला टाच लावून तिनं नाव अडवून धरली.

सगळा गाव काठावर. पहिलवान ओरडत होता, "सोडू नको सगुणे!" पण आत्याला दिसत होतं ते कुणाला दिसत नव्हतं. दोरानं अडलेल्या नावेचं नाक पाण्यात दबत चाललं होतं. धरून ठेवली तर नाव जागीच बुडणार. सोडली तर खालच्या वळणावर जाणार, तिथं पाणी पसरतं, तिथं पोरं पोहून निघतील. पण हौशी?

हात सोलून निघाले होते. तरी आत्या ओरडली, "हौशे, सोडू का?"

"अगं, पुरात कुणी इचारत बसतं का?" पहिलवान किंचाळला.

हौशीनं नावेच्या कडेवरून आत्याकडे पाहिलं. आणि साऱ्या काठाला ऐकू जाईल असं ती ओरडली, "सोड आत्या!"

आत्यानं दोर सोडला. नाव सुटली, वळणावर उलटली आणि पोरं पाण्यात पडली. त्याच वेळी आत्याच्या अंगणात पाणी शिरलं आणि टांगलेले सगळे भोपळे निघाले नदीत, टणाटण उड्या मारत! ज्याचा भोपळा त्याच्याकडेच गेला, एकाचाही चुकला नाही, असं म्हणतात.

पण दोराचा वेढा आत्याच्या मनगटात अडकला होता. ती ओढली गेली, डोकं आपटलं, भोवरे गरगर फिरू लागले. शुद्ध आली तेव्हा ती पाण्यावर तरंगत होती आणि पोटाखाली एक लहानगा हात होता.

"आत्या, धरलंय म्या. सोडू का?"

"नको गं बाई!" आत्या म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

पहिलवानानं त्यानंतर कुणाला ढकललं नाही. आत्याच्या अंगणात बी मागायला तो स्वतः गेला, असं म्हणतात.

उंबरडोहात आता पूल आहे. तरी पोर पाच वर्षांचं झालं की दारात कडू भोपळ्याचा वेल लागतो. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी आईबाप पोराचा हात धरून फाटकात उभे राहतात आणि विचारतात, "सोडू का?" पोर "सोड" म्हणालं की गुरुजी आपला हात पुढे करतात. मग वर्गाच्या दारात गुरुजीही तेच विचारतात. शेवटचं पोर "सोड" म्हणेपर्यंत घंटा वाजत नाही. एका वर्षी एका पोरीनं दुपार केली. सगळी शाळा अंगणात बसून राहिली आणि कुणीही तिला घाई केली नाही.