राज्याभिषेकाचं माप

"सूर्य मावळायच्या आत माझ्या पोटदुखीचं कारण सांगा, नाहीतर उद्यापासून गडावरच्या कोठडीत बसून काढे उकळा!" दलपतराव महाराज पोट दाबून गरजले.

नारोपंत वैद्यांनी हात जोडले. "महाराज, अजीर्ण असावं. जेवण जरा..."

"म्हणजे मी खादाड?"

"छे, छे! मग जंत..."

"राजाच्या पोटात जंत? खबरदार!"

"किंवा पाण्याचा दोष..."

"पाणी आईसाहेब स्वतः गाळून देतात. बोलावू त्यांना?"

नारोपंतांना घाम फुटला. ग्रंथांतली कारणं सरत आली होती आणि प्रत्येक कारण कुणाच्या तरी शेपटावर पाय देत होतं. मूतखडा म्हणावं, तर दुखणं त्या जागी नाही. इतकी वर्षं शिकलो ते काय, असं त्यांना होऊन गेलं.

दसऱ्याचा नवा कमरपट्टा घेऊन आलेली जीनगराची सून येसू खांबापाशी उभी होती. ती पुढे झाली. "वैद्यबुवा, मी विचारू?"

"विचार बाई. माझं डोकं तर चालेनासं झालंय."

"महाराज, दुखतं कधी?"

"जेवून दरबारात बसलो की."

"आणि घरच्या कपड्यांत आडवं झाल्यावर?"

"तेव्हा कुठलं! तेव्हा बरं वाटतं."

"मग कमरपट्ट्याचं ते बक्कल जरा सोडून बघा."

महाराजांनी बक्कल काढलं. पट्टा टणकन उडाला. त्यांनी छातीभर श्वास घेतला. "अरेच्चा! हलकं वाटतंय की!"

नारोपंतांनी कपाळाला हात लावला. पोटात काय गेलं याचा त्यांनी तीनदा तर्क केला होता, पोटावर काय बसलंय ते एकदाही पाहिलं नव्हतं!

"पण पट्टा तर दरवर्षी नवा येतो!" महाराज म्हणाले.

"पट्टा नवा, महाराज, पण माप राज्याभिषेकाचं! राजाच्या अंगाला दोरी लावायची नाही, असा आपल्या दरबारचा रिवाज. माझे सासरे वीस वर्षं त्याच मापानं शिवतायत."

महाराजांच्या भुवया चढल्या. "म्हणजे मी सुटलोय, असं म्हणतेस?"

नारोपंतांनी डोळे मिटले. आता दोघांचीही रवानगी कोठडीत!

"तुम्ही एकटेच कशाला, महाराज?" येसू म्हणाली. "वीस वर्षांत राज्य केवढं वाढलं! सरहद्द चार कोस पुढे गेली. तरी कोट जुन्याच जागी ठेवला, तर आतली रयत कण्हणारच की!"

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसता पोट गदगदा हललं, पण दुखलं मात्र नाही.

"पाडा तो कोट! नारोपंतांना मेण्यातून घरी पोचवा. हे सोन्याचं बक्कल येसूच्या ओटीत घाला. आणि येसू, उद्या मापाची दोरी घेऊन ये. चांगली लांबशी आण!"