डॅशबोर्डवरचा गणपती

गाड्या एकमेकींशी बोलायच्या आणि माणसांना ते ऐकू यायचं नाही, तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एका शोरूममध्ये दोन नव्या गाड्या शेजारी उभ्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. दोघी आकाराने छोट्या, पण तोरा जीपचा.

"माझं छत उघडतं," लाल म्हणायची.

"मी खड्ड्यांतून पोट न घासता जाते," पांढरी सुनावायची.

एके दिवशी चौगुले काका-काकू आले. दोघींना चालवून बघितलं, तरी ठरेना. शेवटी काकूंनी आपल्या जुन्या गाडीतला रिकामा गॅस सिलिंडर आणवला. पांढरीच्या डिकीत तो आडवा करावा लागला, लालच्या डिकीत उभा मावला. झालं, ठरलं!

"बघितलंस?" लाल पांढरीला म्हणाली. "आता मी जन्मभर त्यांची."

तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. जुनी गाडी शोरूमलाच द्यायची होती. काकूंनी तिच्यात वाकून डॅशबोर्डवरचा छोटा गणपती उपटला आणि लालच्या डॅशबोर्डवर चिकटवला. मागे वळूनही पाहिलं नाही.

लाल हादरली. "अगं, तुझा गणपती!"

"माझा कुठला?" जुनी गाडी म्हणाली. "मलाही तो आधीच्या गाडीतून काढूनच दिला होता. त्या दिवशी मीपण एका निळ्या गाडीला हरवलं होतं. हारसुद्धा असाच होता."

लालचा हॉर्न एकदम किंचाळला.

काका हसले. "बघ की, गाडीसुद्धा खूश झाली!"