मागे पडलेला पखवाज

"पण त्याणां लय कमी केल्यान कित्याक? मी सांगितलेलंय त्याका?"

यशवंत तुळसकर सकाळीच टेकडी चढून आला होता. कानामागचा रंगसुद्धा नीट धुतला नव्हता.

भिवाबुवा टेकडीवरच्या जुन्या समाधीपुढे बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एकेकाळी दोघे एकाच दशावतारी कंपनीत होते. यशवंत राजा, भिवा त्याची राणी. दाढीची मुळं रंगातून दिसू लागली तेव्हा भिवाने आपण होऊन लुगडं उतरवलं आणि या टेकडीवर येऊन बसला. पुढे लोकांनीच त्याला बुवा करून टाकलं. यशवंत मात्र पन्नाशी उलटली तरी राजाच. नाटकातल्या आपल्या पहिल्या युद्धनाचात आपण पखवाजालाही वेगात मागे टाकलं, ही गोष्ट ऐकवल्याशिवाय त्याचा चहा संपत नसे.

कालच्या जत्रेत युद्ध ऐन रंगात आलेलं असताना पखवाजी पुंडलिकाने लय कमी केली. नाटक संपल्यावर रंगपटात, म्हणजे तोंडं रंगवायच्या जागी, सगळ्यांदेखत यशवंतने त्याच्या कानाखाली मारली. पुंडलिकाने पखवाजाला गवसणी घातली आणि तो घरी गेला. आज पलीकडच्या गावची जत्रा. मालकाने यशवंतला बजावलं होतं, पुंडलिक येणार असेल तरच तू ये.

"टाळये पडले मा?" बुवांनी विचारलं.

"पडले. पण आत रंगपटात दोघे जण हसले. यशवंत म्हातारो झालो म्हणाले."

"मगे त्यांका मारलंस?"

"नाय."

"मगे कोणाक मारलंस?"

"पुंडलिकाक."

बुवांनी वाती बाजूला ठेवल्या. "उभो ऱ्हव. युद्ध कर. मी बोल म्हणतंय."

बुवा मांडीवर थाप देऊन बोल म्हणू लागले. धा... किट... तक... धुम... किट... तक...

यशवंत चार पावलं नाचला आणि थांबला. त्याला हसू आलं.

"ह्या काय, बुवा? ह्या लयीर कोण पण लढात."

"तू लढलेलंस."

"कधी?"

"पयल्या युद्धाक."

"खोटा."

"तुझे पाय लटपटत होते. मी राणी, बाजूक उभो होतंय. पुंडलिकान माझ्याकडे बघल्यान. मी मान हलवलंय. त्याणां लय खाली आणल्यान... आणि तू आपलो लढत ऱ्हवलंस. काल पण त्याणां ताच केल्यान."

यशवंत खाली बसला.

"मगे इतकी वर्सां तो बोललो कसो नाय?"

"तू सांगत होतंस मा, पखवाजाक मागे टाकलंय म्हणान. तो बाजूक बसान ऐकत होतो."

"आणि तू?"

"मी पण."

यशवंतला त्या सगळ्या बैठका आठवल्या. आपण हातवारे करून सांगतोय, मंडळी वा वा म्हणतायत आणि कोपऱ्यात पुंडलिक गालातल्या गालात हसत चहा पितोय. त्या हसण्याला आपण कौतुक समजत होतो. आज त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली की बुवांच्या तोंडाकडे बघवेना. काल ज्या हाताने मारलं तो हात त्याने दुसऱ्या हाताखाली झाकून घेतला.

मग तो उठला.

"जातंय," तो शेवटी म्हणाला. "त्याच्या घराक जातंय. पाय धरतंय. माफी मागतंय."

बुवांनी पुन्हा वाती हातात घेतल्या.

"माफी तो मागूच्या आधीच देतलो. तू त्याका रंगपटात घेवन ये. सगळे बसलेले असतीत, काल हसलले ते पण असतीत. त्यांच्यासमोर सांग त्याका... पुंडलिका, आज पण लय कमी ठेव."