एका गलबताचे शंभर मालक

“उद्या सकाळी गलबत उत्तरेलाही गेलं पाहिजे आणि दक्षिणेलाही! दुपारच्या आत!” राजे जगदेवरावांनी धक्क्यावर उभं राहून हुकूम सोडला, आणि गलबत हाकणाऱ्या धर्मा तांडेलाच्या तोंडचं पाणी पळालं.

राजांचाही नाइलाज होता. एवढं मोठं गलबत बांधायला खजिना पुरेना, म्हणून त्यांनी त्याचे वाटे पाडून, थोडे स्वतःकडे ठेवून, बाकीचे बंदरातल्या लोकांना विकले होते. शेटजी, सुतार, मासळीवाल्या, ज्याला जमेल त्यानं वाटा घेतला. विकताना राजे म्हणाले होते, “पहिली सफर उत्तरेकडे! तिथं नारळाला मोठा भाव आहे!” वाटे हातोहात खपले. तेवढ्यात दक्षिणेचे सरदार रुसले. ते फिरले तर गादी डगमगायची! राजांनी त्यांनाही सांगून टाकलं, “पहिली सफर तुमच्याकडेच!”

दोन्ही शब्द राजांचेच. मोडायचा कुठला?

“जमत नसेल तर सांग हो,” दिवाण त्रिंबकपंत गोड आवाजात धर्माला म्हणाले, “सुकाणू माझ्या भाच्याला देऊ.”

भाचा शेजारीच ऐटीत उभा होता. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळतं, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं.

धर्मा मान खाली घालून उभा राहिला. त्याची मुलगी पुतळा मात्र पुढे आली.

“जमेल, महाराज! पण मालक मंडळींनी सोबत यायला हवं. ज्याचा वाटा, त्याचा हुकूम!”

“पोरी, काय बोलतेस?” धर्मा कुजबुजला.

“बा, तू फक्त बघत राहा.”

राजांना ही कल्पना फारच आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नटूनथटून गलबतावर चढले.

“दक्षिण ज्यांना हवी त्यांनी सुकाणू धरा,” पुतळा म्हणाली. “उत्तर ज्यांना हवी त्यांनी शिडाचे दोर!”

दक्षिणेच्या सरदारांच्या वतीनं दिवाणांनी भाच्यासह सुकाणू पकडलं. वाटा घेतलेल्या गुणवंतशेटांनी बाकीच्या वाटेकऱ्यांना घेऊन दोर ओढले. गलबत खाडीतून बाहेर पडलं आणि गरागरा फिरू लागलं!

“शीड छोटं करा, कापड वाचेल!” सुतार ओरडला.

“मोठं करा, नफा लवकर येईल!” शेट ओरडले.

“आधी माझ्या सासुरवाडीला थांबा!” दिवाण ओरडले.

एका मासळीवालीनं तर आपल्या वाट्याची फळी कुठली, ती दाखवा म्हणून हट्टच धरला. भाचा कधीच सुकाणू सोडून कठड्याला लटकला होता आणि दिवाण त्याला सावरत होते.

आणि मग समोर काळा खडक दिसला.

“अरे, कुणीतरी सुकाणू धरा!” राजे किंचाळले.

“कुणी धरायचं, महाराज? भाचेसाहेब कामात आहेत,” पुतळा म्हणाली.

“धर्मा! धर्मा, तू धर!”

“धरेल की बा. पण हुकूम कुणाचा ऐकायचा? शेटजींचा की दिवाणजींचा?”

“कुणाचाच नाही!”

“तुमचा?”

“माझाही नाही! पोरी, आता वळव म्हणावं त्याला!”

धर्मानं झेप घेतली. सुकाणू करकरलं, शीड फडफडलं आणि गलबत खडकाला चाटून निघून गेलं. गलबत आता सरळ चाललं होतं.

दिवाण लगेच ओरडले. “महाराज, हुकूम मोडला! गलबत ना उत्तरेला गेलं, ना दक्षिणेला!”

“असं कसं, दिवाणजी?” पुतळा म्हणाली. “प्रत्येक गिरकीत ते एकदा उत्तरेला गेलं, एकदा दक्षिणेला गेलं. तुमच्याच हातानं गेलं की! आणि अजून दुपार व्हायचीय. पहिली सफर दोन्हीकडे झाली, महाराजांचे दोन्ही शब्द खरे झाले. आता दुसरी सफर! ती कुठं न्यायची, याबद्दल महाराजांनी कुणालाच शब्द दिलेला नाही.”

राजांनी बोटांवर गिरक्या मोजल्या. मग असे हसत सुटले की पागोटं थेट पाण्यात!

“धर्मा, तू जिवंत आहेस तोवर सुकाणू तुझंच! वाऱ्याकडे बघ आणि तुला पटेल तिकडे ने. आणि पोरी, माझ्या वाट्यांतले दहा वाटे आजपासून तुझे! अजून काही हवंय?”

“दिवाणजींच्या भाच्याला काहीतरी काम द्या, महाराज,” पुतळा म्हणाली. “पण जमिनीवर!”