उशिरा उघडलेला न्यूजग्रुप

"...आणि पासवर्डही बरोबर होता, तरी उघडेना. मग चूक कोणाची, बुवा?"

लॅपटॉप मांडीवर घेऊन श्रीरंग विचारत होता. त्याचे गुरू दाजीबुवा समोर बसून आवाज खोल लागावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापत होते.

"कशाचा पासवर्ड?"

"न्यूजग्रुपचा. जगभरचे पखवाजवाले तिथं लिहितात. वासूही लिहितो."

वासुदेव त्याचा गुरुबंधू. उत्सवात बुवांशेजारी कोण बसणार, यावरून दोघं भांडले आणि बोलेनासे झाले. परदेशी गेल्यावर वासूनं कुणाकरवी निरोप धाडला होता : तुझ्यासाठी ग्रुपवर लिहिलंय. वाच.

"मग वाचलंस?"

"तो ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावा लागतो. सर्व्हरचं नाव टाकलं, नाही म्हणालं. पोर्ट बदलला, नाही म्हणालं. सगळं काढून पुन्हा टाकलं… अख्खा चातुर्मास गेला त्यात."

"कुणाला विचारायचंस."

"वासूलाच येतं ते."

"मग?"

"त्याला कळलं असतं ना… मला जमत नाही म्हणून."

बुवा हसले. "सम चुकली तरी तू मान डोलवायचास. जशी काही तुझीच बरोबर."

श्रीरंग हसला नाही.

"काल जोडला, बुवा. एकट्यानं."

त्यानं स्क्रीन वळवली. यादीत वासूच्या संदेशाचा मथळा होता : श्रीरंगा, चुकलं माझं.

त्यानं मथळ्यावर क्लिक केलं. खाली एकच ओळ आली. हा संदेश आता सर्व्हरवर नाही.

"सर्व्हरवाले जुनं काढून टाकतात. पुढं काय लिहिलं होतं त्यानं…"



बुवांनी डाव्या तोंडावर थाप मारली. आवाज खोल घुमला, नेमका हवा तसा.

मग त्यांनी ती कणीक बोटांनी खरवडायला घेतली.

"अहो बुवा! छान लागला होता की."

"तुझा तो ग्रुप काढून टाक."

"एवढ्या खटपटीनं जोडलाय…"

"काढ."

श्रीरंग बराच वेळ त्या मथळ्याकडे बघत राहिला. मग त्यानं बटण दाबलं. ग्रुप गेला. त्याबरोबर ते तीन शब्दही गेले.

"काढला, बुवा."

बुवांनी हात पुसले. कोनाड्यातला त्याचा फोन उचलून त्याच्या हातात दिला.

"आता वासूला विचार, कसा जोडायचा."