मृदंगाची कणीक

केरोबा महाराज त्या साली वडनेरीत मारुतीच्या देवळात उतरले होते. महाराजांचा मठ म्हणजे देवळामागची एक चूल. भाकऱ्या स्वतः थापायच्या आणि दारात येईल त्याला आधी जेवू घालायचं, हीच त्यांची पूजा.

गावात रंभाजी मृदंग वाजवायचा. हात सोन्याचा, पण तोरा असा की बोलायची सोय नाही. गिरजा त्याची थोरली लेक. तिची आई गेली, नवी आई आली, आणि पोरीनं खाल्लं की नाही हे विचारणारं घरात कुणी उरलं नाही. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की आवाज खोल घुमतो; भजन संपलं की ती खरवडून टाकतात. गिरजा तीच कणीक उचलून निखाऱ्यावर भाजायची.

एकदा महाराजांनी ते पाहिलं. "मृदंगाचं उष्टं खातेस, मग मृदंग शिकायला नको का, बाळ?" असं म्हणत त्यांनी तिला चुलीपाशी बसवलं. त्या दिवसापासून दोघं भाकऱ्या थापू लागली. महाराज बोल सांगायचे, 'धा तिट कत', आणि गिरजाचे हात परातीत तसे पडायचे. तालाच्या नादात भाकरीचा भलताच आकार व्हायचा. महाराज नेमकी तीच आवडीनं खायचे. पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, हातात ताल आला.

महिन्याभरानं देवळात सप्ताह बसला, तेव्हा रंभाजी चारचौघांत हसला. "भाकऱ्या बडवून कुणी मृदंगी होतं काय? सप्ताह संपला की हिला घरी नेऊन डांबतो."

गिरजानं हातातला घास खाली ठेवला. "मग मला कोण विचारणार, महाराज?"

"ज्यानं विचारायला हवं, तोच विचारील. तू जेव," महाराज म्हणाले.

काल्याच्या कीर्तनाला देऊळ गच्च भरलं. रंभाजीनं ऐटीत थाप मारली. आवाजच नाही! कणीक काढली, नवी लावली, पाणी वाढवलं; मृदंग आपला मुका. मंडपात खसखस पिकली. रंभाजीला घाम फुटला.

महाराज म्हणाले, "रंभाजी, ह्याला रोज पोटभर भरवतोस, तरी रुसला बघ. जरा गिरजाला भरवू दे."

"ह्या पोरीला?"

"तुझीच आहे ती."

गिरजानं कणीक तिंबली, भाकरीसारखी हलक्या हातानं थापली आणि मृदंगावर हात टाकला. काय तो नाद! वरची घंटा कुणी हात न लावता घणघणली. पोरीच्या साथीवर कीर्तन असं रंगलं की महाराज स्वतः नाचले.

कीर्तन संपताच रंभाजीनं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलो, महाराज."

महाराजांनी त्याला उठवलं. "मला कशाला सांगतोस? घरी कधी विचारलं नाहीस, ते तिला विचार."

रंभाजी लेकीपुढे वाकला. म्हणाला, "गिरजा, जेवलीस का गं?"

"नाही बाबा. तुमचीच वाट बघत होते."

वडनेरीत आजही मृदंगाला कणीक लावण्याआधी मृदंगी पोरांना हाक घालतो, "जेवलात का रे?" आणि सगळी पोरं, भरल्या पोटीसुद्धा, "नाही" म्हणून ओरडतात.